फुटी कढीपुरती लसूण

प्रेमावतीचा उजवा हात प्लास्टरात.
तुयेच्या इस्पितळात सांगितलंय, सहा आठवडे.
म्हणून आज आदोळीवर मी बसलोय
आणि ती दारातल्या खुर्चीत,
हात गळ्यात अडकवलेला, तोंड मोकळं.

"किती सोलू?"
"कढीपुरती."
"म्हणजे किती?"
"म्हणजे कढीपुरती."

एकतीस वर्षं मी केरी-तेरेखोल फेरीबोट चालवली.
भरती कितीला, ओहोटी कितीला, रॅम्पवर गाड्या किती,
सगळं वहीत मांडायची सवय.
ह्या स्वयंपाकघरात वही नाही.

गड्डी दाबली की फुटते, एवढं माहीत होतं.
फुटली. दोन पाकळ्या सिलिंडरमागे गेल्या.
पहिलीची साल नखाने ओढली,
अर्धी निघाली, ती बोटाला चिकटली,
ह्या बोटावरून त्या बोटावर,
झटकून जाईना, शेवटी लेंग्याला पुसली.

"आधी बूड कापा," ती म्हणाली,
"मग वाटीने दाबा. चुरडू नका.
टक् वाजलं की सोडा."
टक् वाजलं.
साल आपणहून बाजूला झाली,
जागा देणाऱ्या उतारूसारखी.

एकदा बेळगावच्या लसणीचं पोतं घेऊन
कोणी व्यापारी चढला आणि रॅम्पवरच पोतं उसवलं.
डेकभर गड्ड्या, स्कूटरच्या चाकांखाली,
शाळकरी पोरं पायाने उडवतायत,
एस्पेरांसा मासळीची पाटी खाली ठेवून
वेचतेय आणि ओरडतेय, "देवान धाडली रे, घे!"
मीही दोन खिशात घातल्या.
संध्याकाळी शर्ट धुताना प्रेमावती हसली,
इतकी, की साबण हातातून सुटला
आणि विहिरीत गेला.

हे सांगायला सोपं आहे.
दुसरं एक आहे, त्याच्याही आधीचं.
लग्नानंतरची पहिली चवथ झाली होती.
अंधारात मी म्हणालो होतो,
तुझ्या हाताला लसणीचा वास येतो.
एवढंच. कूस बदलली, झोपलोही.

तेव्हापासून रोज रात्री
न्हाणीत पाण्याचा आवाज,
मग लिंबाच्या सालीचा वास,
मग ती येऊन निजायची.
मला वाटायचं, बायकांचं असतं काहीतरी.

पाचव्या पाकळीला माझा अंगठा हुळहुळायला लागला.
तिचा अंगठा मी कधी पाहिला होता?
आज पाहिला, प्लास्टरातून डोकावणारा.
नख कडेला पिवळं, मधोमध चीर,
तांबड्या भाजीची, वाटणांची, कढ्यांची चाळीस वर्षं,
आणि खाली बुडाशी,
तीन आठवड्यांच्या सुट्टीत उगवलेलं
कोवळं, गुलाबी, तांदळाएवढं नवं नख.

आदोळीचं पातं जागचं हलत नाही,
आपण पाकळी त्याच्याकडे न्यायची.
धक्क्याला बोट लावतात तशी नेली,
इंजीन कमी करत, श्वास धरून.
तरी तुकडे कुठे जाड, कुठे पातळ, एक लाल झालेला.
तिने ताटली मागवून पाहिली.
"उंदराने कुरतडलीत," म्हणाली. "चालेल."

खोबरेलात मोहरी, हिंग, मग लसूण.
"काढा, काढा, करपेल!"
आमसुलाच्या पाण्यावर चर्र झालं
आणि घर तिच्या वासाने भरलं,
म्हणजे लसणीच्या.
मी दोन वाट्या प्यायलो. तिला चमच्याने पाजली.

रात्री न्हाणीत दिवा लावून
फळीवर लिंबाची साल चाचपत होतो.
"काय शोधता?"
सांगता आलं नाही.
"तसेच या," ती आतून म्हणाली.

गेलो.
तिने डाव्या हाताने माझी बोटं ओढून
नाकाशी नेली.
अंधार होता. बराच वेळ ती बोलली नाही.
बाहेर शेवटच्या फेरीचा भोंगा झाला, चार मिनिटं उशिरा.

मग म्हणाली,
"आठ जास्त झाल्या.
उद्या सहा घ्या."